क्लेपचा कॉलेज कॉम्पोझिशन पेपर : तयारी नेमकी कशाची करायची

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय क्लेपच्या कॉलेज कॉम्पोझिशन परीक्षेबद्दल, म्हणजे वर्गात न बसता इंग्लिश लेखनाच्या कोर्सचं क्रेडिट (पदवीसाठी मोजली जाणारी एककं) मिळवून देणाऱ्या परीक्षेबद्दल, आणि त्यातही आपल्या लोकांनी, म्हणजे महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकून नंतर अमेरिकेत आलेल्यांनी, तिची तयारी कशी करावी याबद्दल. मी इथे न्यूजर्सीत शनिवारी लायब्ररीत इंग्लिश लेखन शिकवते. लग्न होऊन इकडे आलेल्या मुली येतात, दिवसभर दुकानात उभं राहून संध्याकाळी कम्युनिटी कॉलेज गाठणारे येतात, मुलं मोठी झाल्यावर नर्सिंगला जायचं ठरवलेल्या ताई येतात, आणि बहुतेक सगळ्यांच्या वाटेत पहिल्या वर्षाचा इंग्लिश कॉम्पोझिशनचा कोर्स असतो. तो कोर्स करायचा म्हणजे फी भरा, पुस्तकं घ्या, आणि नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून दोन-तीनदा वर्गात बसा. तो टाळायचा मार्ग म्हणजे क्लेप : ही कॉलेज बोर्ड या अमेरिकेतल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची परीक्षा आहे, १९६७ पासून चालू आहे, अमेरिकेतली २,९०० हून जास्त कॉलेजं तिचं क्रेडिट देतात, आणि कॉम्पोझिशनच्या पेपरला ५० स्कोअर आला तर ६ क्रेडिटची शिफारस आहे, म्हणजे दोन सेमिस्टरचं काम झालं.

पण शिफारस म्हणजे हक्क नव्हे हं. तुमचं कॉलेज किती क्रेडिट देतं, देतं तरी का, ते ॲडव्हायजरला ईमेल करून लेखी विचारा, आणि हे अभ्यासाला बसायच्या आधी करा. कारण या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. एक साधा कॉलेज कॉम्पोझिशन, ज्यात निबंध आहेतच, आणि दुसरा मॉड्युलर, ज्यात मुख्य भाग फक्त बहुपर्यायी प्रश्नांचा असतो आणि निबंधाचं काय करायचं ते कॉलेज ठरवतं. काही कॉलेजं एकच प्रकार घेतात. चुकीचा पेपर देऊन बसलात तर पैसे गेले आणि क्रेडिटही नाही.

मी आज निबंधवाल्या पेपरबद्दलच बोलते. साधारण ५० बहुपर्यायी प्रश्न ५५ मिनिटांत, मग दोन निबंध ७० मिनिटांत, पहिल्याला ३० आणि दुसऱ्याला ४०. दोन्ही भागांचं वजन सारखं, अर्धं-अर्धं. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण जाडजूड ग्रामरचं पुस्तक घेऊन येतो, टेन्सचे तक्ते पाठ, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह पाठ, डायरेक्ट-इनडायरेक्ट पाठ, कारण दहावीला आपण तेच केलेलं असतं. आणि बहुपर्यायी प्रश्नांमध्ये शुद्ध ग्रामरचा वाटा साधारण १० टक्के! तब्बल ४० टक्के प्रश्न लिखाण सुधारण्याचे असतात, आणि राहिलेले अर्धे-अर्धे : २५ टक्के संदर्भ वापरण्याचे, २५ टक्के लेखक काय साधतोय ते ओळखण्याचे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की अभ्यासाचा मोठा वेळ सुधारण्याच्या सरावाला द्या.

सुधारणं म्हणजे काय ते सांगते. समजा एका कच्च्या लेखाचा परिच्छेद आहे : गावातली लायब्ररी रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावी, कारण नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना दिवसा जमत नाही, मागच्या उन्हाळ्यात इमारतीचं छप्पर दुरुस्त केलं, जादा कर्मचाऱ्यांचा खर्च मात्र वाढेल. प्रश्न येतो, कुठलं वाक्य काढून टाकाल? छपराचं. ते खरं असेल, व्याकरणाने बरोबरही असेल, पण मुद्द्याशी त्याचा संबंध नाही. मग विचारतात, खर्चाच्या वाक्याआधी कुठला जोडशब्द बसेल, हाउएव्हर की देअरफोर? इथे व्याकरण दोन्ही शब्दांना हो म्हणतं, फक्त अर्थ एकाला हो म्हणतो. खर्चाचा मुद्दा आधीच्या मागणीच्या उलट बाजूचा आहे, म्हणून हाउएव्हर. हे येण्यासाठी रोज इंग्लिश पेपरातला एक अग्रलेख घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे मराठीत चार शब्दांत लिहा की हे वाक्य इथे काय करतंय : दावा करतंय, पुरावा देतंय, विरोधी बाजू मांडतंय, की उगाच आलंय. मराठीत लिहा म्हणते ते मुद्दाम, कारण विचार आपला तिथेच सगळ्यात चटकन चालतो. लेखक काय साधतोय हे विचारणारे प्रश्नही याच सवयीने सुटायला लागतात.

ग्रामरच्या त्या १० टक्क्यांत आपली मंडळी कुठे अडकतात तेही ठरलेलं आहे. आपण बोलताना स्वल्पविराम देत देत वाक्य लांबवतो आणि कुणाला खटकत नाही, इंग्लिशमध्ये मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की चूक, तिथे फुलस्टॉप हवा, सेमीकोलन हवा, नाहीतर अँड-बटसारखा शब्द हवा. दुसरं, 'स्टेशनवर जाताना पाऊस सुरू झाला' हे आपल्या कानाला अगदी बरोबर, पण 'वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड' लिहिलं की इंग्लिशमध्ये पाऊसच स्टेशनवर चालत निघतो, चालणारा माणूस कॉमाच्या लगेच पुढे यायला हवा. तिसरं, ए आणि द. आपल्याकडे आर्टिकल नाहीच, त्यामुळे नियम पाठ करून ते पूर्ण कधीच येत नाही, ते वाचून आणि मोठ्याने म्हणून कानात बसवावं लागतं. एवढं केलंत तर ग्रामरचं पुस्तक खुशाल मिटून ठेवा.

निबंधाकडे येते, कारण खरी तारांबळ तिथे उडते. आपला शाळेतला निबंध कसा असायचा, सुरुवातीला सुविचार, मग फायदे, मग तोटे, शेवटी कवितेच्या दोन ओळी आणि 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात'. इथे ते चालत नाही! पहिल्या निबंधात एक विधान देतात आणि तुम्ही बाजू घ्यायची असते, आधार स्वतःचा अनुभव, निरीक्षण, वाचन. विधान समजा असं, ऑनलाइन खरेदीमुळे छोटी दुकानं बंद पडणार. इथल्या एडिसनचा ओक ट्री रोड, आपल्या भारतीय दुकानांचा रस्ता, तुम्ही पाहिलाय ना, मग लिहा की सगळी नाही पडणार, कारण साडी घेणाऱ्या बाईला कापड हातात धरून पोत बघायचा असतो, ब्लाउजचं माप द्यायचं असतं, सोबत आलेल्या बहिणीला विचारायचं असतं, आणि हे स्क्रीनवर होत नाही. बाजू पहिल्याच परिच्छेदात, आणि खाली असा डोळ्यांनी पाहिलेला तपशील. पेपर तपासणारे कॉलेजात इंग्लिश शिकवणारे प्राध्यापक असतात, प्रत्येक निबंध किमान दोघं वाचतात, त्यांना नेमकेपणा हवा असतो. तुमच्या आयुष्यात त्यांनी न पाहिलेलं खूप काही आहे, ते संकोच न करता वापरा.

दुसऱ्या निबंधात दोन उतारे देतात आणि ते वापरून स्वतःचं मत मांडायचं असतं. पहिला उतारा काय म्हणतो, दुसरा काय म्हणतो, असा सारांश लिहून लोक थांबतात. तसं नको. मत तुमचं, उतारे त्याच्या कामाला लावायचे : एकाचा पुरावा घ्या, दुसऱ्याचा आक्षेप घ्या, त्याला उत्तर द्या. आणि दोन्ही उताऱ्यांचा नावानिशी उल्लेख झालाच पाहिजे, लेखकाचं आडनाव किंवा शीर्षक, वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं. कल्पना दुसऱ्याची आणि शब्द तुमचे असले तरी नाव द्यायचं, हे पक्कं लक्षात ठेवा, आपल्याकडे शाळेत यावर कुणी बोट ठेवत नव्हतं पण इथे ते फार गंभीरपणे घेतात.

सराव कॉम्प्युटरवरच करा, स्पेलचेक बंद करून, घड्याळ लावून. ४० मिनिटांतली १० उतारे वाचायला आणि मुद्दे मांडायला, २५ लिहायला, शेवटची ५ फक्त वाचायला. आणि तुमचा निबंध दुसऱ्या कुणाला तरी द्या, मुलगी हायस्कूलमध्ये असेल तर तिला द्या, तिला एवढंच विचारा की माझं म्हणणं काय आहे ते एका वाक्यात सांग. तिला सांगता आलं नाही तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा.

फीची अडचण असेल तर मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, तो पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. निबंध माणसं तपासतात त्यामुळे या पेपरचा निकाल जागेवर कळत नाही, दोन-तीन आठवडे लागतात, सेमिस्टरची रजिस्ट्रेशनची तारीख बघून पेपर त्या हिशोबाने आधी द्या. आणि ५० च्या खाली राहिलात तर तीन महिन्यांनी पुन्हा बसता येतं.