एक जिल्हा, दोन पाती

[दृश्य: लाकडी फळी, एक लिंबू, घडीचे दोन चाकू]

लिंबू एकच, चाकू दोन. डावीकडच्या चाकूचं पातं कार्बन स्टीलचं आहे, उजवीकडचं स्टेनलेसचं. अर्धं-अर्धं लिंबू कापून दोन्ही पाती न पुसता तशीच ठेवली आहेत. कॅमेरा जागचा हललेला नाही, फक्त वेळ पळवला आहे. डावं पातं आधी करडं झालं, मग रस साचला होता तिथे निळसर काळे डाग उठले. उजवं जसंच्या तसं.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला एवढंच दाखवलं तर सौदा तिथेच होईल. काळा पडणारा चाकू पैसे देऊन कोण घेईल?

पण काळं पडणं निराळं आणि गंजणं निराळं. आंबट रसाने पात्यावर धरलेला हा काळपट थर पात्याला घट्ट चिकटून राहतो. तांबड्या गंजासारखे त्याचे पोपडे सुटत नाहीत, आणि खालच्या लोखंडाला तो थोडा आडोसाही देतो. थोडाच. कांदा, कैरी, चिंच, काहीही कापा, पात्यावर खूण राहते. महाबळेश्वर-जावळीच्या रानात हिरडा मिळतो, त्यात टॅनिन भरपूर. हिरडा आणि लोखंड एकत्र करून पूर्वी काळी शाई करत. कार्बनच्या पात्याने ओला हिरडा चिरला की तीच शाई पात्यावर उतरते. हौशी लोक नवं पातं मुद्दाम व्हिनेगरमध्ये बुडवून काळं करून घेतात, ते या आडोशासाठीच.

[दृश्य: भट्टी. दिवेलागणीची वेळ. ठिणग्या]

हे लोहारमामांचं घर सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातल्या एका वाडीत आहे. मामांच्या सांडशीतला तुकडा ट्रकच्या कमानपाट्याचा. घाटात, नाहीतर खड्ड्यात कमान तुटली की पाटा गॅरेजमधून भंगारात जातो आणि भंगारवाल्याकडून इथे येतो. आसपासच्या गावांतले कोयते, खुरपी, कुऱ्हाडी याच पाट्यांच्या आहेत. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो, जोडीला सिलिकॉन आणि मँगनीज. धार धरायला एवढा कार्बन पुरतो. विकतच्या कार्बन चाकूंमध्ये तो याहून जास्त असतो. अमेरिकेत चाकूंसाठी 1095 नावाचं पोलाद वापरतात, त्यात साधारण 0.95 टक्के.

भात्याची जागा विजेच्या पंख्याने घेतली आहे. बाकी ऐरण, घण, सांडशी, कानस, सगळं तेच. घण मामी मारतात. मामा हातोडीने जागा दाखवतात आणि मामींचा घण नेमका तिथेच पडतो.

[निवेदन थांबते. घण आणि हातोडीचा आवाज]

पाटा जाड असतो. तो ठोकून ठोकून चाकूच्या पात्याएवढा पातळ करायचा, तर मधे कितीदा तरी पुन्हा भट्टीत घालावा लागतो. आकार आला की पातं गरम राखेत पुरतात. तिथे ते सावकाश निवतं, मऊ होतं आणि मग त्यावर कानस चालते. जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही असू शकतात. मामा तुकडा उचलून ऐरणीवर आपटतात आणि कान देतात. आवाज बद्द आला तर तुकडा बाजूला.

आता पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम निववायचं आणि कडक करायचं. हे काम मामा उन्हात करत नाहीत. उजेडात तापलेल्या पोलादाचा रंग फिका दिसतो आणि अंदाज हुकतो. जुन्या स्पीकरमधलं चुंबक त्यांनी तारेला बांधून ठेवलं आहे. साधारण 770 अंश सेल्सिअसला लोखंडाचं चुंबकत्व जातं. पातं चुंबकाला ओढ देईनासं झालं की आणखी थोडं तापवायचं आणि तेलात बुडवायचं. साध्या पाण्यात बुडवलं तर हे पोलाद तडकण्याची भीती असते.

[दृश्य: तेलात बुडणारं पातं, धूर, ज्वाळ]

तेलात पातं क्षणात निवतं. कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकून बसतो, आणि या अडकण्यानेच पातं कडक होतं. या घडीला ते इतकं कडक आहे की हातातून दगडावर पडलं तर तुकडे होऊ शकतात. कानस फिरवून बघितली तर ती घसरते, खात नाही.

म्हणून पुन्हा आच द्यायची, या वेळी मंद. मामांनी पातं दगडावर घासून लख्ख केलं आणि त्याची पाठ एका तापलेल्या जाड पट्टीवर टेकवली. पुढचं दृश्य मुद्दाम न कापता ठेवलं आहे.

[दृश्य: पात्याचा क्लोज-अप. निवेदन थोडा वेळ थांबते]

पाठीकडून रंग निघतो. आधी फिकट पिवळा, त्यामागे तपकिरी, मग जांभळा, मग निळा. वर धरलेल्या ऑक्साइडच्या थराची जाडी वाढत जाते तसतसा प्रकाश वेगळा परततो आणि रंग बदलतो. पिवळा रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपासचा, निळा तीनशेच्या. पाठ निळी झाली, धार अजून पिवळी आहे, तेवढ्यात मामा पातं उचलून पाण्यात घालतात. निळी पाठ लवचीक राहते, पिवळी धार कडक राहते. शाळेतलं विज्ञान मामांना पुरतं आठवत नाही, पण हा रंग त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

[दृश्य: नळाखाली स्टेनलेस चाकू. पाण्याचे थेंब ओघळतात]

स्टेनलेसची गोष्ट इंग्लंडमधल्या शेफिल्डची. 1913 मध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होते. त्यांनी ओतलेल्या एका पोलादात 12.8 टक्के क्रोमियम होतं, आणि ते गंजेना. शेफिल्ड सुऱ्या-कात्र्यांचं गाव, त्यामुळे या पोलादाचा पहिला मोठा उपयोग सुऱ्यांसाठीच झाला. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की तो आपोआप पुन्हा धरतो. स्टेनलेसची सगळी किमया या पापुद्र्यात आहे. पण घामातलं मीठ बराच काळ साचून राहिलं तर हा पापुद्राही जागोजागी हार मानतो आणि बारीक खड्डे पडतात.

या पोलादाला पाणी द्यायचं तर हजार अंशांच्या वर आच लागते, ती ठरावीक वेळ, ठरावीक मापात. कोळशाच्या भट्टीवर नजरेने ते होत नाही. चांगला स्टेनलेस चाकू म्हणूनच कारखान्यातून येतो. मामांचा मुलगाही शिरवळला कारखान्यातच कामाला आहे.

[दृश्य: कास पठार, जुलै. धुकं, आडवा पाऊस]

आता रानात चला. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका, तिथे पाचशेच्या आसपास. चाकू घेताना लोक पोलादाचे आकडे विचारतात. आमचं म्हणणं, आधी पाऊस विचारा.

कासच्या या पावसात ट्रेकरांच्या गटाला वाट दाखवणारी ही मुलगी साताऱ्याची आहे. तिच्या खिशात स्टेनलेसचा चाकू आहे. कार्बनचं नाव काढताच ती हसली. "दादा, इथं अंगावरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, चाकू कधी पुसू?" तिचं काम दोरी कापायचं, चिकटपट्टी कापायची, काकडी चिरायची. त्याला कार्बनची धार कशाला हवी?

[दृश्य: ओल्या फडक्यातून काढलेले दोन चाकू, सकाळ]

रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेले हे दोन चाकू बघा. कार्बनच्या पात्यावर तांबडे ठिपके आले आहेत. ते राख आणि लिंबाच्या सालीने घासून निघतात. खरी अडचण पात्यावर नसते, ती सांध्यात असते. चाकू मिटतो त्या खिळ्यापाशी ओल शिरते आणि तिथवर फडकं पोचत नाही. पातं चकचकीत ठेवणाऱ्या माणसाचा चाकूही तिथे आतून गंजतो, उघडताना अडतो आणि झटका देऊन उघडावा लागतो. बोटं कापतात ती याच झटक्यात. घाटमाथ्यावर पावसाळ्यात स्टेनलेसच घ्या, यात वाद नाही.

[दृश्य: माण. उघडं माळरान, मेंढ्या, बाभळी]

आणि हा माण. या आप्पांच्या कमरेच्या पिशवीत मामांनीच केलेला चाकू आहे. मुठीला बाभळीचं लाकूड, सांध्याला पितळेचा खिळा, खटका नाही, स्प्रिंग नाही. दिवसभरात तो कितीदा उघडतो ते मोजायला नको: सुतळी कापायची, फांदी छाटायची, शेळीच्या खुरात रुतलेला काटा काढायचा, दुपारी कांदा. पातं काळं कुळकुळीत आहे, दर वेळी घासून घासून थोडं अरुंदही झालं आहे.

"आप्पा, गंजत नाही का?"

"गंजतो की. न गंजायला काय झालं? दगडावर घासला की झाला नवा."

[दृश्य: ओढ्यातला काळा दगड. आप्पा पातं घासतात]

आप्पांनी थुंकी लावून पातं दगडावर फिरवलं आणि मनगटावरचे केस उडवून दाखवले. कार्बन स्टीलची खरी बाजू ही. क्रोमियमचे कठीण कण त्यात नसतात, त्यामुळे साध्या दगडावर ते पटकन झिजतं आणि बारीक धार धरतं. क्रोमियम आणि कार्बन दोन्ही भरपूर असलेल्या स्टेनलेसला हा दगड पुरत नाही. त्याला कार्बोरंडमचा कृत्रिम दगड नाहीतर हिऱ्याची पट्टी लागते, आणि ती रानात सापडत नाही.

पण स्टेनलेसला धार लागतच नाही, ही बाजारातली अफवा आहे. स्वित्झर्लंडचा तो लाल चाकू तुम्ही पाहिला असेल. त्याचं पोलाद मुद्दाम बेताचं कडक ठेवतात, त्यामुळे ते लवकर बोथट होतं आणि लवकर धारही घेतं. फ्रान्सची ओपिनेल कंपनी 1890 पासून लाकडी मुठीचे घडीचे चाकू करते, आणि आज एकाच आकाराचा चाकू दोन्ही पोलादांत विकते. हातात घेतल्यावर फरक पटकन कळत नाही. कांदा कापून ठेवला की कळतो.

फसवणूक होते ती बिननावाच्या स्वस्त चाकूत. काही चाकूंचं पातं भांड्यांच्या स्टीलचं असतं. त्या स्टीलमध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. ते गंजत नाही हे खरं, पण त्याला पाणी देऊन कडक करता येत नाही, कितीही घासा. दुकानात खिशात एक चुंबक न्या. पातं चुंबकाला ओढ देत नसेल तर चाकू परत ठेवा. ओढ दिली म्हणून तो चांगलाच, असं मात्र नाही.

[दृश्य: गारगोटी, पात्याची पाठ, ठिणगी]

आणखी एक गंमत. कार्बनच्या पात्याची पाठ कडक आणि कोपऱ्याशी धारदार असेल तर ती गारगोटीवर घासून ठिणगी पडते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात गारगोट्या जागोजागी मिळतात. स्टेनलेसने ही ठिणगी पडत नाही म्हटलं तरी चालेल. मामांच्या चाकूची पाठ निळी, म्हणजे मऊ ठेवलेली, तिने ठिणगी पडायला वेळ लागला. चित्रीकरणात पडली ती शेवटी एकदा. खिशात काडेपेटी ठेवा.

[दृश्य: तेलाची वाटी, सांध्यात सोडलेला थेंब]

कार्बनचा चाकू घेणार असाल तर वापरून झाला की पुसायचा, वाळवायचा आणि तेलाचा हात द्यायचा. खोबरेल चालतं. माणदेशात घरोघरी करडईचं तेल असतं, ते मात्र लावू नका, काही दिवसांत त्याची चिकट साय धरते आणि सांधा जाम होतो. फळं कापायची नसतील तर शिलाई मशीनचं तेल उत्तम. थेंब पात्यापेक्षा सांध्यात आधी. चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचा नाही, चामडं ओल धरतं. आणि घडीच्या चाकूने लाकूड फोडायचं नाही. पोलाद कुठलंही असो, तुटतो तो सांध्याचा खिळा.

बारमाही कोरड्या भागात राहत असाल, रोज चाकू लागत असेल आणि हाताला दगडाची सवय असेल, तर जवळच्या लोहाराकडे जा आणि कमानपाट्याचा करून मागा. पातं हातभर नको, बोटाएवढं पुरे. पाठ निळी ठेवा म्हणून सांगा. पावसात कोळसा दमट असतो, भट्टी धरत नाही. दसऱ्यानंतर गेलात तर बरं.

[दृश्य: बामणोली, बोटी, शिवसागरचं पाणी]

वासोट्याला जाणाऱ्यांसाठी एवढंच. बोट बामणोलीहून सुटते, पण किल्ला कोयना अभयारण्यात आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. अभयारण्यात शस्त्र न्यायला परवानगी लागते. तपासणीच्या वेळी खिशातला चाकू स्वतःहून दाखवा, ठेवायला सांगितला तर ठेवा. तिथे पोलाद कुठलं हे कोणी विचारत नाही.