पद्मिनीचं दार लागत नाही? लॉक बदलायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी, आज आपण सांगलीत आहोत आणि माझ्यामागं उभी आहे ती प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००च, १९६४ पासून डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातनं निघायची आणि १९७० च्या दशकात तिला पद्मिनी नाव मिळालं. हिचं ड्रायव्हर साइडचं दार लागतच नाहीये, बघा, लावलं की परत उघडतंय. अशा वेळी पहिला सल्ला काय मिळतो, लॉक गेलं, नवीन टाका. माझं स्पष्ट म्हणणं आहे, ओरिजिनल लॉक एवढ्यात फेकू नका, बहुतेक वेळा ते नुसतं जाम झालेलं असतं.

आधी दुखणं कुठाय ते शोधू. दार उघडंच ठेवा आणि दाराच्या कडेला असलेला लॉकचा खटका स्क्रू ड्रायव्हरनं दाबा. टक, टक, दोन आवाज आले पाहिजेत, पहिला अर्धा लॉक, दुसरा पूर्ण. आता हँडल ओढून खटका सोडवून घ्या, तसंच दार लावलं तर तो खांबावर आदळतो. दोन्ही आवाज आले तर लॉक चांगलंय, गडबड स्ट्रायकरमध्ये, म्हणजे खांबावर जिथं खटका अडकतो त्या भागात, नाहीतर बिजागरीत. दार अर्धं उघडून टोकाला खालनं उचला, खडखड हललं म्हणजे बिजागरीची पिन झिजलीय, दार खाली बसलंय, मग स्ट्रायकर कितीही सरकवा, चार दिवसांनी परत तेच. आधी पिन बदला.

हिच्यात दुसरा आवाज येतच नाहीये, म्हणजे दार खोलावं लागणार. काच पूर्ण वर घ्या, काचेच्या हँडलची पिन किंवा क्लिप काढा, आणि पॅड, म्हणजे दाराचं आतलं पुठ्ठ्याचं आवरण, हळूहळू सोडवा, ओढाओढ केली की पुठ्ठा फाटतो. आता जवळनं दाखवतो, लॉकच्या स्प्रिंगवर हा काळपट थर दिसतोय? हा पुराचा गाळ. २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा इथल्या कितीतरी गाड्या बुडाल्या, लोकांनी सीटा वाळवल्या, इंजिनं खोलली, पण दाराच्या पोटातला गाळ तसाच राहिला आणि जुन्या ग्रीसमध्ये मिसळून पार सिमेंट झाला.

लॉक सोडवून रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. स्प्रिंग तुटलीय का बघा, हँडलपासून लॉकला जाणाऱ्या रॉडच्या टोकाची क्लिप आहे का बघा, ती निसटली की हँडल ओढलं जातं पण दार उघडत नाही. पुसून सुकवून पांढरं लिथियम ग्रीस लावा, थोडंच. चावीच्या भोकात मात्र तेल नको, धूळ चिकटते, तिथं ग्रॅफाइट पावडर. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, तीही तारेनं मोकळी करा.

लॉक बसवलं की पॅड लावायच्या आधी आतनं बाहेरनं दोन्ही हँडलं चालवून बघा, आणि हे करताना दुसरं दार उघडं ठेवा, नाहीतर आत अडकाल. तरीही दार ओढून लावावं लागत असेल तर स्ट्रायकरभोवती पेन्सिलनं खूण करा, स्क्रू जरासे ढिले करा आणि केसभर सरकवा. घाई नको. दुसरा टक ऐकू आल्याशिवाय गाडी हायवेला काढू नका, अर्ध्या लॉकवरचं दार खड्ड्यात उघडू शकतं आणि या गाड्यांत बऱ्याच जणांकडं सीटबेल्टही नसतो.

पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर नवीन कापून चिकटवा, खालची कड दाराच्या आत सोडायची, म्हणजे काचेवरनं उतरलेलं पाणी पुठ्ठ्यात न जाता त्या भोकांतनं खाली जातं.