मिनिटाला 102 फेरे

आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांतून पाळी संपवून थेट इथे आले आहेत, त्यामुळे सिलिंडरचा बोअर म्हणजे त्याचा आतला व्यास, हे मला समजावून सांगावे लागणार नाही. मात्र जहाजाच्या ज्या इंजिनाविषयी मी बोलणार आहे त्याचा बोअर 960 मिलिमीटर आहे आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरून खालपर्यंतची धाव, अडीच मीटर; असे चौदा सिलिंडर एका ओळीत उभे आहेत. वार्टसिला कंपनीच्या आरटी-फ्लेक्स 96सी या इंजिनाचे हे सर्वांत मोठे रूप 2006 साली ‘एमा मर्स्क’ या कंटेनरवाहू जहाजाबरोबर समुद्रात उतरले. वजन सुमारे 2300 टन, उंची साडेतेरा मीटर आणि शक्ती 80,080 किलोवॅट, म्हणजे जवळपास 1 लाख 9 हजार अश्वशक्ती. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातला एक संच 210 मेगावॅटचा आहे, हे लक्षात घेतले की एका जहाजाच्या पोटातल्या या 80 मेगावॅटचा अंदाज येईल.

अश्वशक्तीचा आकडा ऐकून माणसे थक्क होतात, ते साहजिकच आहे. पण इतकी वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर मला त्याहून नवलाचा वाटतो तो 102 हा आकडा. पूर्ण शक्तीने चालताना हे इंजिन मिनिटाला एवढेच फेरे घेते. कसारा घाट चढणारा ट्रक याच्या पंधरा-वीस पट वेगाने फिरत असतो, आणि तरीही कार्यक्षमतेत तो मागे पडतो.

याचे पहिले कारण इंजिनाबाहेर आहे. जहाजाला ढकलणारा मोठ्या व्यासाचा पंखा सावकाश फिरला तरच पाण्याला नीट रेटतो, म्हणून इंजिनही सावकाश फिरवायचे आणि मध्ये गिअरबॉक्स न ठेवता शाफ्ट थेट पंख्याला जोडायचा. जहाज मागे घ्यायचे असेल तर इंजिन थांबवून, दाबाखालची हवा सिलिंडरमध्ये सोडून, ते उलट्या दिशेने सुरू करावे लागते. दुसरे कारण सिलिंडरच्या आतले आहे. डांबरासारखे घट्ट इंधन 130 अंशांच्या पुढे तापवून फवारले जाते आणि त्याला जळायला पुरेसा अवधी मिळतो. पिस्टनला वरून खाली यायला पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. शिवाय बशीत ओतलेला चहा लगेच निवतो आणि पातेल्यातला गरम राहतो, तोच न्याय इथे लागू पडतो: सिलिंडर जितका मोठा, तितका आतल्या वायूच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग कमी आणि भिंतीतून वाया जाणारी उष्णताही कमी.

रुडॉल्फ डिझेलच्या 1897 मधल्या इंजिनाने इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे 26 टक्के ऊर्जा कामाला लावली होती. या इंजिनात ते प्रमाण 50 टक्क्यांच्या घरात जाते. एका किलोवॅट-तासाला साधारण 171 ग्रॅम तेल पुरते. उरलेल्यातला मोठा वाटा धुराड्याकडे जातो, पण जाता जाता तोच धूर सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर फिरवतो आणि बॉयलरमध्ये वाफही करून देतो.

क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या तळच्या पेटीत, उतरण्याचा अनुभव सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझे जहाज लहान होते, इंजिन मात्र याच जातीचे. इंजिन थांबवल्यावर अर्धा तास तरी झाकणे उघडायची नाहीत, कारण गरम तेलाचे धुके हवा लागताच भडकू शकते. मग हातात टॉर्च घेऊन आत शिरायचे. वरून कोमट तेल मानेवर ठिबकत असते आणि पायाखाली काहीच कोरडे नसते. क्रँकच्या दोन वेबांमध्ये, म्हणजे बाजूच्या भुजांमध्ये, अंतर मोजणारी डायल बसवायची, टर्निंग गिअरने शाफ्ट इंचाइंचाने फिरवायचा आणि काटा किती हलला ते ओरडून सांगायचे. ज्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे वजन 300 टन भरते, त्याच्या बेअरिंगांची तब्येत अशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचली जाते. अंबडच्या मंडळींना यात आपल्याच घरचे काही ऐकल्यासारखे वाटेल.

आता दुसरी बाजू. कार्यक्षम म्हणजे अल्पाहारी नव्हे. पूर्ण शक्तीवर हे इंजिन तासाला साडेतेरा टनांहून अधिक तेल जाळते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून निघणारा टँकर वीस टनांचा धरला, तर दिवसाला सोळा टँकर. म्हणून 2008 नंतर जहाज कंपन्यांनी वेगच कमी केला. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनानुसार बदलते, त्यामुळे वेग 10 टक्क्यांनी उतरवला की शक्ती 27 टक्क्यांनी घटते आणि प्रवास लांबूनही एका फेरीचे तेल सुमारे 19 टक्क्यांनी वाचते. पुढची इंजिने याच हिशेबाने आली: मॅन कंपनीच्या जी-95 मालिकेत स्ट्रोक 3460 मिलिमीटर झाला आणि फेरे मिनिटाला 80 वर आले.

निफाडच्या बागायतदाराला मात्र हा हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो. वीस दिवसांची वाट बावीस दिवसांची झाली, तर द्राक्षांचे दोन दिवस समुद्रातच जातात आणि तेवढे दिवस माल थंड ठेवणाऱ्या रीफर कंटेनरला वीजही लागते. बहुतेक जहाजांवर ती वीज या अवाढव्य इंजिनातून येतच नाही. ती येते शेजारच्या छोट्या, भरभर फिरणाऱ्या जनरेटरांतून, ज्यांना एका किलोवॅट-तासाला याच्यापेक्षा जास्त तेल लागते.