शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

नमस्कार. बोर्डावर विषय लिहिलाय 'पन्नाशी ओलांडलेला बांगलादेश: समाज, राजकारण आणि इनोव्हेशन'. तिन्हीवर बोलणार आहे, पण आधी मनातलं एक बोलून टाकतो, नाहीतर पुढचं नीट सांगता येणार नाही मला. मध्यंतरी एका चर्चेत होतो, तिथे इनोव्हेशनचा विषय निघाला तेव्हा एक चांगले शिकलेले गृहस्थ म्हणाले की बांगलादेशात कसलं आलंय इनोव्हेशन, तिथे फक्त शर्ट शिवतात. आणि सगळे हसले. मला ते अजून लागून राहिलंय. ज्या गोष्टीने जगभरात लाखो पोरं वाचली ती गोष्ट ढाक्यात उभी राहिली आणि आपल्याला ती इनोव्हेशन वाटत नाही कारण तिला स्क्रीन नाहीये!

म्हणून आज आयोजकांकडून तीन गोष्टी मागून घेतल्यात. हे मीठ, हा गूळ, हे अर्धा लिटर पाणी. मागच्यांना दिसतंय ना? ही बघा चिमूट. तीन बोटांची, पहिल्या पेरापर्यंत. आणि हा मूठभर गूळ, चार बोटांत मावेल एवढाच. ढवळायचं. झालं. लोबोन-गुड, म्हणजे मीठ-गूळ, जुलाब झालेल्या पोराला पाजायचं पाणी. आतड्यात साखर शिरताना सोबत मिठातलं सोडियम ओढून नेते आणि त्यांच्या मागे पाणी जातं, एवढंच विज्ञान आहे, पण ते माणसांवर सिद्ध झालं 1968 मध्ये ढाक्याच्या कॉलरा रिसर्च लॅबोरेटरीत, तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. मग 1971 चं युद्ध, सीमेपलीकडे बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये साखर-मीठाचं पाणी कालवून ते पाजायला नातेवाइकांच्या हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं.

पण हा अर्धाच भाग झाला, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. शोध लागला, पण पाकिटं पुरणार नाहीत, रस्ते नाहीत, आईला वाचता येत नाही, आणि हे पाणी तिला नेमकं प्रमाणात करता आलं पाहिजे, कारण मीठ जास्त झालं तर पोराला अपायच. आता काय करायचं?

फजले हसन आबेद हा माणूस मुळात अकाउंट्सवाला, शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, 1972 मध्ये त्याने ब्रॅक ही स्वयंसेवी संस्था सुरू केली. 1979 ला सिल्हेटच्या सुल्ला भागात प्रयोग केला आणि 1980 पासून बायका घरोघर पाठवायला सुरुवात केली. अक्षरशः घरोघर! आईच्या शेजारी बसायचं, तिच्याच घरातलं मीठ, तिच्याच घरातला गूळ घ्यायचा, आणि पाणी तिच्या हातून करून घ्यायचं, आपण करून दाखवून निघायचं नाही. सोबत पाठ करायचे दहा मुद्दे. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं झाली.

आता मी ज्यासाठी आलोय ते ऐका. शिकवून गेल्यानंतर काही दिवसांनी त्यातल्या काही घरांत, चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली घरं, दुसराच माणूस जायचा. तो आईला विचारायचा, मुद्दे सांगा, पाणी करून दाखवा. त्या पाण्याचे नमुने लॅबमध्ये जायचे. आईला किती आठवलं त्यावरून ग्रेड, आणि शिकवणाऱ्या बाईचा पगार त्या ग्रेडवर. आई सगळं विसरली असेल तर त्या घराचे पैसे शून्य. अकाउंटंटच्या डोक्यातूनच निघणारी गोष्ट आहे ही, आणि मला विचाराल तर त्या देशाचं सगळ्यात मोठं इनोव्हेशन चिमूट नाही, हा तपासायला येणारा दुसरा माणूस आहे.

कारण त्याच तपासणीत कळलं की आयांना पाठ सगळं आहे पण पोराला जुलाब झाले की वापरतायत फार थोड्या. का? शोधलं तर शिकवणाऱ्या बायकांनाच विश्वास नव्हता, स्वतःच्या घरी वेळ आली की त्या गोळ्याच आणायच्या. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग त्या बायकांना परत बसवून हे कसं काम करतं ते समजावलं, पुरुषांसाठी बाजारात, मशिदीत, शाळेत सभा घेतल्या. बाईच्या हातात मूल आहे पण निर्णय अंगणात बसलेल्याचा, हे एखाद्या रिपोर्टात लिहून सुधारलं नसतं हो, तपासणारा दारात गेला म्हणून दिसलं.

1971 च्या सुमाराला तिथे हजारातली दोनशेहून जास्त मुलं पाचवा वाढदिवस बघत नव्हती. आज तो आकडा तीसच्या आसपास आहे. यात लसीकरण आहे, मुलींचं शिक्षण आहे, सगळं चिमटीचं श्रेय नाही, मान्य.

किती मिनिटं राहिली? पंधरा? चिठ्ठीवर दहा लिहिलंय. बरं, मग पळत जातो.

शर्ट. 1979 मध्ये चितगावच्या देश गारमेंट्सने 130 माणसं कोरियात बुसानला दायवू (Daewoo) कंपनीच्या कारखान्यात शिकायला पाठवली. पुढच्या काही वर्षांत त्यातले 115 कंपनी सोडून गेले, कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला, आणि त्यातून एक अख्खी इंडस्ट्री उभी राहिली. गावातून आलेल्या लाखो मुलींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. हे छोटं नाही. पण इथे तपासणारा नव्हता. 23 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावारच्या राणा प्लाझा या कारखान्यांच्या इमारतीच्या भिंतींना तडे दिसले, खालची बँक आणि दुकानं बंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. इमारत कोसळली, 1134 माणसं गेली. त्यानंतर कुठे परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांनी करार केला आणि मालकाशी संबंध नसलेले इंजिनिअर इमारती तपासू लागले.

आता राजकारण, आणि मला खरं याच्यावरच जास्त बोलायचं होतं. त्या देशाने निवडणुकीसाठीही हाच दुसरा माणूस शोधला होता! 1996 मध्ये घटनेत तरतूद केली की मुदत संपली की सरकारने बाजूला व्हायचं आणि निवडणूक तटस्थ केअरटेकर सरकारने घ्यायची, प्रमुख म्हणून शेवटचे निवृत्त सरन्यायाधीश. 1996 चा जून, 2001, 2008, तिन्ही वेळा आधी सत्तेत असलेला पक्ष हरला. यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा.

मग दोन्ही मोठ्या पक्षांनी त्या तपासणाऱ्या माणसालाच हात घातला. 2004 ला न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 65 वरून 67 केलं, विरोधकांचं म्हणणं की ठराविक माणूस त्या खुर्चीत यावा म्हणून. त्यावरून रस्त्यावर मारामाऱ्या, जानेवारी 2007 ला आणीबाणी, दोन वर्षं लष्कराच्या पाठिंब्यावरचं सरकार. आणि 2011 ला पंधराव्या घटनादुरुस्तीने ती व्यवस्थाच काढून टाकली. 2014 ला 300 पैकी 153 जागांवर मतदानच झालं नाही, बिनविरोध. 2018 आणि 2024 च्या निवडणुकांवर गैरप्रकारांचे किती आरोप झाले ते इथे बसलेल्यांना माहीत आहे. ज्या समाजाने आईने केलेलं ग्लासभर पाणी लॅबमध्ये नेऊन तपासलं त्याच समाजात मत तपासायला कुणी उरलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 2024 च्या जुलैत पोरं सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्यावरून, म्हणजे आरक्षणावरून, रस्त्यावर आली, शेकडो मेली, 5 ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या, पोलीस ठाणी ओस पडली तर कॉलेजची मुलं चौकात उभी राहून ट्रॅफिक सांभाळत होती. आणि सुधारणांच्या चर्चेत पहिल्या मागण्यांमध्ये काय होतं? केअरटेकर परत आणा.

घंटा झाली. प्रश्न खाली उतरल्यावर घेतो. हा ग्लास टेबलावरच ठेवतोय, ज्यांना हवं त्यांनी चव बघा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. लागलं तर माझी चिमूट चुकली, तसं मला येऊन सांगा.