आधी पंखा अडवा, मग हवा मारा

श्रोतेहो, नमस्कार. लॅपटॉपच्या पंख्यात साचणाऱ्या धुळीबद्दल आज बोलायचंय. पण आधी निपाणीची गोष्ट सांगतो.

निपाणीत माझ्या आक्काचं घर आहे. खाली तंबाखूची वखार, वर माडी. उन्हाळ्यात भाचीचा फोन आला, "मामा, लॅपटॉप ट्रॅक्टरगत वरडालाय, धा मिन्टात बंद पडालाय." म्हटलं, रविवारी येतो, तोवर हात लावू नका. पण दाजींना दम निघेना. त्यांनी लॅपटॉप थेट पंक्चरच्या दुकानात नेला आणि टायरच्या नळीनं जाळीतून हवा मारली. पंखा शिट्टी वाजवत फिरला. सगळ्यांना वाटलं, झाला साफ! घरी येऊन चालू केला, तर नुसती घरघर.

रविवारी मागचं झाकण उघडलं. आतली उष्णता बाहेर नेणाऱ्या तांब्याच्या नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते ना, तिच्या तोंडाशी तपकिरी थर बसलेला. चिमट्यानं ओढला, तर पट्टीसारखा सलग निघाला. तंबाखूची बुकणी, गोधडीची लव, भाचीचे दोन लांब केस. आक्का शिंकली, मी शिंकलो, जन्मभर तंबाखूत राबलेले दाजीही शिंकले! पंखा मात्र डुगडुगत होता, ज्यावर तो फिरतो ते बेअरिंग गेलेलं. नवा घालावा लागला.

भाचीनं कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू ज्या त्या जागी ठेवला होता. पोरींच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर द्यायला घरचे कचरतात, ते मला मुळीच पटत नाही. शिवणाच्या डब्याशेजारी तो असलाच पाहिजे.

तर, नुसतं झाकण मिटू नका, शटडाऊन करा. चार्जर काढा. बॅटरी आत असेल, तर झाकण उघडल्यावर आधी तिची पिन सोडवा. मग पंख्याचं पातं टूथपिकनं अडवा आणि हवा मारा. पुन्हा सांगतो, आधी पंखा अडवायचा, मग हवा. मोकळा पंखा नको तेवढा गरगरला, की बेअरिंग झिजतं, शिवाय मोटर जनित्रासारखी उलटी वीज बोर्डाकडे ढकलू शकते. टायरची हवा नकोच, तिच्यात पाणी नि तेल येतं. फोटोवाल्यांचा लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा चालतो. दाबून भरलेल्या हवेचा कॅन असेल तर उभा धरा, थोडी थोडी मारा.

बेळगावच्या वडगावात विणकरांच्या घरी सुताची लव, खानापूरकडे लाल माती. तिथं जाळी लवकर तुंबते. लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका. आक्काकडं आता तो पाटावर असतो.

नमस्कार.