बढाई मारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? गिदोनाला विचारू

जय ख्रिस्त, मंडळी!

मागच्या रविवारची गोष्ट. उपासना संपली, चर्चच्या आवारात चहा चालू होता. एक काका (नाव नाही सांगत, ते हा चॅनल बघतात) खारी चहात बुडवून सांगत होते, "हे नवे स्पीकर आहेत ना, मी दिलेत. माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही." खारी मोडून कपात पडली तरी काका थांबेनात. आणि मी काय म्हणावं? "काका, त्याच्या वायरिंगचं बिल मी भरलंय." झालं! दहा मिनिटं आमची जुगलबंदी. घरी जाताना बायकोने एवढंच विचारलं, "मग, जिंकलं कोण?"

म्हणून आज बायबलच्या जुन्या करारातलं शास्ते हे पुस्तक, अध्याय 8 काढलाय.

गिदोन हा इस्राएलाचा पुढारी. त्याने अवघ्या 300 माणसांनिशी इस्राएलाला छळणाऱ्या मिद्यान्यांची छावणी उधळली. पळणाऱ्यांची वाट एफ्राइमाच्या लोकांनी, म्हणजे इस्राएलाच्याच एका वंशाने, अडवली, ओरेब आणि जेब हे दोन मिद्यानी सरदार मारले, आणि मग गिदोनापुढे तोऱ्यात उभे राहिले: लढाईला निघालास तेव्हा आम्हाला का नाही बोलावलंस? खूप भांडले त्याच्याशी.

गिदोनाच्या जागी मी असतो तर वायरिंगचं बिल काढलं असतं. तो काय म्हणाला? तुमच्यापुढे मी केलंय तरी काय? अबियेजेराच्या हंगामापेक्षा एफ्राइमाचा सरवा बरा. अबियेजेर म्हणजे गिदोनाचंच घराणं. आणि सरवा शेतकऱ्याला सांगायला नको: तोडणी झाल्यावर मागे राहिलेलं, वेचून घ्यायचं ते. आमची अख्खी द्राक्षतोडणी एका पारड्यात, तुमचे मागे राहिलेले चार घड दुसऱ्यात, आणि जड तुमचंच! त्यांचा राग उतरला.

आता कुणी म्हणेल, हे तर लोणी लावणं झालं. नाही. ओरेब आणि जेब खरंच त्यांनी पकडले होते. एवढ्या आरडाओरड्यात जे खरं होतं, तेवढं गिदोनाने उचललं आणि त्यांच्या पदरात घातलं. लोणी लावणाऱ्याला खरं शोधावं लागत नाही.

चार अध्याय पुढे या. तेच एफ्राइमी, तीच तक्रार, समोर इस्राएलाचा नंतरचा पुढारी इफ्ताह. या वेळी धमकी जास्त जड होती, हे मान्य: तुझ्यासकट तुझं घर जाळू म्हणाले. इफ्ताहने सगळा हिशेब मांडला: मी बोलावलं होतं, तुम्ही आला नाहीत, मी जीव मुठीत घेऊन लढलो. मग युद्धच झालं. यार्देन नदीच्या उतारावर, एफ्राइमी माणूस उच्चारावरून ओळखायला, 'शिब्बोलेथ' म्हणायला लावून, ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघालं त्याला कापला. एफ्राइमाचे 42,000 पडले.

गिदोनालाही फार उंच बसवू नका हं. त्याच आठव्या अध्यायात तो लुटीतल्या कुड्या मागून घेतो, 1,700 शेकेल सोनं, त्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) करतो, लोक त्यालाच भजू लागतात, आणि तेच त्याच्या घराला फास होतं. एक उत्तर नम्र दिलं म्हणून आयुष्यभराची सोय होत नाही.

बरं, समोरचा बढाई मारून मंडळीच फोडत असेल तर? ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीबाबत प्रेषित पौलावर तीच वेळ आली होती. मोठे प्रेषित म्हणवणारे स्वतःचीच थोरवी गात होते. पौल गप्प बसला नाही, त्याने मंडळीला पत्र लिहिलं. चला, मीही वेड्यासारखी बढाई मारतो, म्हणाला. आणि सांगितलं काय? खाल्लेले फटके, फुटलेली तारवं, भूक, थंडी. आणि शेवटी हे. (पाटी कॅमेऱ्यासमोर धरतो.) आमची भाजीची पाटी. दिमिष्कात (म्हणजे दमास्कसमध्ये) अरीतास राजाचा अधिकारी धरायला टपला होता, तेव्हा पौलाला अशाच कशात तरी बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढेल त्याला सोन्याचा मुकुट मिळायचा. आणि करिंथ ही तर रोमी वसाहत. तिथल्या माणसांना पौल सांगतोय, मी तटावरून उतरलो, तोही पाटीत बसून. यावर वरचढ बढाई कोण मारणार?

असो. काका, बघत असाल तर एक सांगायचं राहिलं. स्पीकर खरंच चांगले आहेत. मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, आज प्रवचन शेवटपर्यंत ऐकू आलं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. रविवारी परत सांगेन, चहाच्या वेळी. वायरिंगचं तोंडातून निघालं तर बायको आहेच शेजारी.