जे-पाउचनंतर दुखतंय? गोळ्या सुरू करण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. आज खरं तर प्रवासात पाउच कसा सांभाळायचा यावर बोलणार होते. पण गेल्या व्हिडिओखालचे प्रश्न वाचायला बसले आणि विषय बदलला. किती जणांनी एकच गोष्ट विचारलीय! ऑपरेशनला वर्ष झालं, कुणाला दोन झाली, एका काकांना तर नऊ झाली, आणि तरी दुखतं. त्यातल्या बहुतेकांनी प्रश्नातच उत्तरही लिहून टाकलंय: "पाउचायटिसच असणार ना ताई? मागच्या वेळच्या गोळ्या उरल्यात, सुरू करू का?"

नका करू. आजचा सगळा व्हिडिओ याच दोन शब्दांसाठी आहे.

जे-पाउच म्हणजे काय ते भरभर सांगते, कारण इथे येणाऱ्या बहुतेकांच्या अंगावरच ते लिहिलेलं आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) किंवा एफएपी (आतड्यात असंख्य गाठी होणारा आनुवंशिक आजार) यांसाठी मोठं आतडं आणि गुदाशय काढतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून पिशवी शिवतात आणि ती गुदद्वाराशी जोडतात. बहुतेकांचं हे दोन किंवा तीन टप्प्यांत होतं, मधला काळ पोटावर स्टोमा असतो, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असतं. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी हे ऑपरेशन मांडलं, तेव्हा पिशवी एस आकाराची होती. १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी जे आकार आणला आणि तोच रूढ झाला. पाउच स्थिरावला की दिवसरात्रीत साधारण चार ते आठ वेळा जावं लागतं. स्थिरावायला वर्षभरही लागतं. झालं, एवढंच.

आता दुखण्याकडे. पाउचायटिस म्हणजे पाउचच्या आतल्या अस्तराला येणारी सूज. मला तिचं महत्त्व अजिबात कमी करायचं नाहीये. कोलायटिससाठी पाउच झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना ती कधी ना कधी गाठतेच. फेऱ्या अचानक वाढतात, धरवत नाही, ओटीपोटात मुरडा येतो, अंग कसकसतं, रात्री गळती होते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोलचा साधारण दोन आठवड्यांचा कोर्स देतात आणि बऱ्याच जणांना त्याने बरं वाटतं.

आणि गडबड इथूनच सुरू होते. एकदा त्या गोळ्यांनी बरं वाटलं की पुढचं प्रत्येक दुखणं आपल्याला पाउचायटिसच वाटायला लागतं.

माझंच सांगते. स्टोमा बंद होऊन दोन वर्षं झाली होती. माकडहाडाच्या आत, खोलवर, ठणका सुरू झाला. बसलं की वाढायचा, पडलं की कमी व्हायचा. मी फोन केला, लक्षणं सांगितली, गोळ्या लिहून मिळाल्या. थोडं बरं वाटल्यासारखं झालं, पुन्हा दुखलं, पुन्हा गोळ्या. दहा महिन्यांत चार कोर्स झाले. चौथ्या कोर्सला पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मेट्रोनिडाझोल जास्त दिवस घेतलं तर नसांना इजा होऊ शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि या दहा महिन्यांत पाउचमध्ये दुर्बीण घालून एकदाही कुणी पाहिलं नव्हतं. मीही मागितलं नव्हतं. त्या तपासणीचीच भीती वाटायची.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पाउचोस्कोपी केली. दहा-पंधरा मिनिटांत झाली. पाउच आतून स्वच्छ, गुलाबी, सूज नावालाही नाही. मी तिथे टेबलावरच रडले. आनंदाने नाही. मनात एकच आलं, मग दुखतंय काय?

दुखत होते ते पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू, म्हणजे ओटीपोटाला खालून तोलून धरणारे स्नायू. कोलायटिसच्या काळात वर्षानुवर्षं मी ते आवळून धरले होते, घाई आवरण्यासाठी. ऑपरेशन झालं, आजार गेला, पण स्नायू सैल व्हायला विसरले. संडासला बसले की ते सैल होण्याऐवजी आणखी आवळायचे. मग मी कुंथायचे. अर्धा अर्धा तास. पाउच पूर्ण रिकामा होत नव्हता म्हणून फेऱ्या वाढल्या होत्या, आणि फेऱ्या वाढल्या म्हणून सगळ्यांना पाउचायटिस वाटत होता. यावर अँटिबायोटिक काय करणार? पेल्व्हिक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टकडे बायोफीडबॅक केला. त्यात स्नायू कधी आवळतोय, कधी सोडतोय, हे पडद्यावर आपल्यालाच दिसतं. श्वास पोटात घ्यायला शिकले, पायाखाली छोटं स्टूल घ्यायला शिकले, आणि दहा मिनिटांत झालं नाही तर उठायला शिकले. फरक पडायला काही महिने लागले.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने. एका ताईंनी लिहिलंय, "तीन कोर्स झाले, फेऱ्या वाढलेल्या नाहीत, पण आग आग होते आणि ताजं रक्त दिसतं." ताई, मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला काय झालंय ते मी सांगू शकत नाही. पण डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: कफ पाहिला का? पाउच स्टेपलरने जोडतात तेव्हा खाली गुदाशयाच्या अस्तराची एक-दोन सेंटिमीटरची पट्टी राहते. तिला कफ म्हणतात. ती मूळ अस्तराचाच भाग असल्यामुळे जुना कोलायटिस तिथे पुन्हा डोकं वर काढू शकतो. त्याला कफायटिस म्हणतात आणि त्याचं औषध वेगळं, बहुतेकदा मेसालामिनच्या गुदद्वारातून ठेवायच्या गोळ्या. पाउचायटिसवरच्या गोळ्या इथे सहसा उपयोगाच्या नाहीत. दोन सेंटिमीटरचा फरक, पण आत बघितल्याशिवाय कळणार कसा?

आणि तिसरी बाजू, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग येतो. दुर्बिणीत काही सापडलं नाही, बायोप्सी चांगली आली, आणि पेशंटला सांगितलं जातं की "सगळं नॉर्मल आहे, आता विचार करणं सोडा." एका मुलाने लिहिलंय की त्यानंतर घरच्यांनीही त्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवणं बंद केलं. बाळा, तुझं दुखणं खरं आहे. सूज नसताना पाउच दुखतो, याला डॉक्टरी भाषेत नावही आहे: इरिटेबल पाउच सिंड्रोम. वर्षानुवर्षं सूज, मग मोठी ऑपरेशनं, या सगळ्यात नसा इतक्या हळव्या होतात की साधा वायू सरकला तरी मेंदूला कळ म्हणून निरोप जातो. यावरही उपचार आहेत. झोपताना अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधाचा अगदी कमी डोस देतात. ते मुळात नैराश्याचं औषध आहे, पण इथे नसांसाठी वापरतात, म्हणून चिठ्ठी वाचून दचकू नका. वेदनेवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञही मदत करतात. मानसोपचाराचं नाव काढलं की दुखणं मनातलं आहे असा अर्थ होत नाही. रिपोर्ट नॉर्मल येणं ही माहिती आहे, तिथून पुढचा शोध सुरू व्हायला हवा.

तिन्ही बाजूंनी मी एकच सांगतेय, मला माहीत आहे. आधी बघा, मग गोळ्या. तुम्ही प्रश्न विचारत राहाल तोवर मीही सांगत राहीन.

डॉक्टरांकडे गेल्यावर बोलायचं कसं, त्याबद्दल. आपण खुर्चीत बसलो की "पेन होतंय" म्हणून मोकळे होतो. अहो, आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत! कळ येते, मुरडा येतो, ठणकतं, चुरचुरतं, चमक निघते, सलतं, जड होतं. हे सगळे शब्द वापरा, कारण प्रत्येक शब्द वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. फेऱ्या वाढल्या आणि मुरडा येतो, हे एक. शौचाची धार बारीक झालीय, कुंथल्याशिवाय होत नाही, पोट फुगतं, म्हणजे जोडाची जागा अरुंद झाली असेल. ती तपासून रुंद करता येते. खोल ठणका आणि सोबत ताप किंवा थंडी असेल, तर जोडातून गळती होऊन आत पू साठलेला नाही ना, हे एमआरआय करून बघावं लागतं. माझ्या ठणक्यासोबत ताप नव्हता. हा एवढा तपशील पहिल्याच फोनवर कुणी विचारला असता तर!

मी एक वही ठेवते. (वही कॅमेऱ्यासमोर धरते.) हे बघा, चार रकाने. कुठे दुखलं, कसं दुखलं, पाउच रिकामा केल्यावर कमी झालं की वाढलं, आणि त्या रात्री किती वेळा उठले. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या फिजिओथेरपिस्टने तोच आधी वाचला.

एका गोष्टीला मात्र वही नको आणि वाट बघणंही नको. कळा लाटेसारख्या येतायत, पोट टम्म फुगलंय, उलट्या होतायत आणि पाउचमधून काहीच बाहेर येत नाही, वायूसुद्धा नाही, तर थेट हॉस्पिटल गाठा. ऑपरेशननंतर पोटात चिकटपणा येतो, त्यात लहान आतडं अडकू शकतं, ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत. "सकाळपर्यंत बघू" म्हणून थांबू नका.

आता वेदनाशामक गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या पाउचवाल्यांनी सहज म्हणून घ्यायच्या नाहीत. त्यांनी पाउचला सूज येऊ शकते, असलेली सूज वाढू शकते. म्हणजे गुडघ्यासाठी गोळी घेतली आणि आठवड्याने पाउच पेटला. डोकं दुखलं, दात काढला, पाय मुरगळला, दर वेळी समोरच्या डॉक्टरला आपणच सांगायचं की माझा जे-पाउच आहे. साध्या दुखण्याला बहुतेकांना पॅरासिटामॉल चालतं, मर्यादेत. ओपिऑइड गटातल्या तीव्र गोळ्यांबद्दल मी जास्त बोलणार नाही, कारण ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत त्या लागतातच. पण महिनोन्महिने घेतल्या तर आतडं मंदावतं, पोट तुंबतं, आणि कधीकधी त्या गोळ्याच पोटदुखीचं कारण होऊन बसतात. घेत असाल तर स्वतःहून एका दिवसात बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

बाहेरच्या कातडीच्या आगीवर आधीचा सबंध व्हिडिओ आहे, इथे दोनच वाक्यं: घासायचं नाही, पाण्याने धुऊन टिपून कोरडं करायचं आणि झिंक ऑक्साइडचं मलम आग व्हायच्या आधीच लावायचं. थकवा जात नसेल तर बी-१२, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, पाउचवाल्यांमध्ये ते कमी असणं नवीन नाही. आणि पाणी. मोठं आतडं नाही म्हणजे लहान आतड्यातून उरलेलं पाणी आणि मीठ शोषून घेणारा अवयवच नाही. नुसतं साधं पाणी ढोसून भागत नाही, फेऱ्या वाढल्या की ओआरएस घ्या. डोकं जड होणं, पिंडऱ्यांत गोळे येणं, हे मी कितीतरी दिवस थकवा म्हणून काढलं. तहान होती ती, शरीराची.

एक प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो विचारणाऱ्या बाईंनी लिहून नंतर पुसून टाकला, पण मी वाचला होता. "सगळं करून झालं, तरी रोज दुखतं. पाउच काढून कायमचा स्टोमा घेतला तर मी हरले असं होईल का?" नाही हो. काही जणांच्या बाबतीत पाउच टिकत नाही. फिस्टुला होतात, म्हणजे पाउचमधून नको तिथे वाट फुटते, क्रोन या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारासारखा आजार पाउचमध्ये दिसतो, सूज कोणत्याच औषधाला दाद देत नाही. तेव्हा काही लोक स्टोमाकडे परत जातात, आणि त्यातल्या अनेकांना कित्येक वर्षांनी नीट झोप लागते. निर्णय मोठा आहे, ऑपरेशनही मोठं आहे. पाउचचीच ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनचं मत घ्या, शक्य असेल तर दोघांचं. आणि ज्यांनी तसं केलंय त्यांच्याशी बोला. इथे खाली तसे तीन-चार जण नेहमी उत्तरं देतात. तुम्ही पुन्हा विचारा, या वेळी पुसू नका.

माझं दुखणं गेलं का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. पूर्ण गेलेलं नाही. वहीत पूर्वी रोज नोंद असायची, आता आठवड्यात दोन-तीन असतात, आणि त्या बहुतेक खूप वेळ बसल्याच्या दिवसांच्या. आज मी दीड तास या खुर्चीत आहे आणि पाठीमागे ठणकायला लागलंय. त्यामुळे आता उठते, थोडा वेळ आडवी होते, आणि संध्याकाळी तुमच्या प्रश्नांना उत्तरं लिहायला बसते.